वर्गणी भरली, पण लेख शोधायचे कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेसाठी केंद्राने 2025 ते 2027 या तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपये मंजूर केले. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, सेज, टेलर अँड फ्रान्सिस यांच्यासह 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 संशोधन नियतकालिके त्यात येतात. केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील 6,300 हून अधिक संस्थांना ती खुली होणार, असे तेव्हा सांगण्यात आले. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारे गांधीनगरचे केंद्र, इन्फ्लिबनेट, ही व्यवस्था पाहते. एवढे असूनही पदव्युत्तर विद्यार्थी गूगलवरून प्रकाशकाच्या पानावर जातो, लेखाची डॉलरमधली किंमत पाहतो आणि परत फिरतो.

बहुतेक वेळा याचे कारण साधे असते. प्रकाशक वाचकाला ओळखतो तो संस्थेच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे तिच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून. महाविद्यालयाच्या आवारात बसूनही मोबाइलचा स्वतःचा डेटा वापरला, तर प्रकाशकाच्या लेखी तो बाहेरचाच माणूस. म्हणून आवारात संस्थेचे वायफाय वापरावे. घरून वाचायचे तर लेखाच्या पानावर संस्थेमार्फत प्रवेश घेण्याचा दुवा असतो, तो दाबून यादीतून संस्था निवडावी आणि ग्रंथालयाने दिलेल्या नाव-पासवर्डने आत जावे. त्यासाठी संस्था इन्फ्लिबनेटच्या ‘इन्फेड’ या सामायिक लॉगिन व्यवस्थेत सहभागी असावी लागते. यादीत संस्थेचे अधिकृत इंग्रजी नाव असते, गावात रूढ असलेले नाही. तेवढ्यावरून ‘आमचे कॉलेज यादीतच नाही’ असा समज होतो.

आत गेल्यावर खरी अडचण सुरू होते. शोधचौकटीत अख्खा प्रश्न टाइप केला जातो. विदर्भातल्या कपाशीवरची गुलाबी बोंडअळी हा विषय घ्या. ‘महाराष्ट्रातील गुलाबी बोंडअळीत बीटी कपाशीविरुद्ध प्रतिकारक्षमता कशी आली’ हे इंग्रजीत जसेच्या तसे टाकले, तर एक तर काहीच येत नाही, नाही तर हजारो लेख येतात. स्थळ सोडले तर या प्रश्नात संकल्पना तीनच आहेत: कीड, पीक आणि प्रतिकारक्षमता. प्रत्येकीचे पर्यायी शब्द आधी कागदावर लिहावेत. किडीसाठी ‘पिंक बॉलवर्म’ हे इंग्रजी नाव आणि ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ हे शास्त्रीय नाव, दोन्ही हवीत, कारण काही लेखांच्या शीर्षकात फक्त दुसरेच असते. पर्यायी शब्दांमध्ये ‘ऑर’ (यांपैकी कोणताही चालेल), वेगवेगळ्या संकल्पनांमध्ये ‘अँड’ (सगळ्या हव्यात), दोन्ही इंग्रजी मोठ्या अक्षरांत. दोन शब्दांचे नाव अवतरणचिन्हांत टाकावे. ‘रेझिस्टन्स’चे स्पेलिंग आठव्या अक्षरावर तोडून पुढे * ही ‘यापुढे काहीही चालेल’ अशी खूण लावली (resistan*) की ‘रेझिस्टंट’ही सापडते. तिसऱ्याच अक्षरावर तोडले तर नुसता कचरा गोळा होतो.

प्रत्येक ‘ऑर’च्या गटाला कंस हवाच. लेख शोधण्याच्या डेटाबेसांपैकी वेब ऑफ सायन्स ‘अँड’ आधी सोडवते, स्कोपस ‘ऑर’ आधी, आणि पबमेड सरळ डावीकडून उजवीकडे जाते. बिनकंसाच्या एकाच ओळीची तीन ठिकाणी तीन उत्तरे येतात ती यामुळे. एल्सेव्हिअरच्या सायन्स डायरेक्ट या संकेतस्थळावर * चालत नाही आणि एका चौकटीत ‘अँड’, ‘ऑर’सारखे आठापेक्षा जास्त जोडशब्द घेतले जात नाहीत. पबमेडमध्ये * च्या आधी किमान चार अक्षरे लागतात. शिवाय * किंवा अवतरणचिन्ह लावले की तिथली समानार्थी शब्द आपोआप जोडण्याची सोय त्या शब्दापुरती बंद पडते. ‘नॉट’ शक्यतो टाळलेलाच बरा: ‘ब्राझील नको’ म्हटले की भारत आणि ब्राझीलची तुलना करणारा लेखही जातो.

स्थलनाम जपून वापरावे. सगळ्या रकान्यांत ‘महाराष्ट्र’ शोधले, तर लेखकाच्या पत्त्यात महाराष्ट्र असलेले भलतेच लेख येतात. शोध शीर्षक, सारांश आणि कीवर्ड एवढ्यावर आवळावा, आणि ‘विदर्भ’, ‘यवतमाळ’, ‘सेंट्रल इंडिया’ हेही ‘ऑर’ने जोडावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘पूना’ आणि ‘पुणे’, ‘शोलापूर’ आणि ‘सोलापूर’ ही दोन्ही स्पेलिंगे लागतात. महात्मा फुले यांच्या नावाची तर चार-पाच निघतात.

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या मुळात सूची आहेत. लेख तिथे नसतो, लेखाचा पत्ता असतो, हेही सांगावे लागते. एक चांगला लेख हाती आला की त्याच्या संदर्भयादीतून मागे जावे आणि त्याचा उल्लेख करणाऱ्या नव्या लेखांकडे पुढे. कित्येकदा हे नव्या शोधापेक्षा जास्त देऊन जाते. लेखाचा 10 ने सुरू होणारा डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक टिपून ठेवावा, कारण दुवे बदलतात, तो बदलत नाही. नोंदी पहिल्या दिवसापासून झोटेरोसारख्या मोफत साधनात साठवाव्यात. मात्र आपोआप डाउनलोड करणारे सॉफ्टवेअर लावून अख्खे अंक उतरवू नयेत: प्रकाशक संपूर्ण संस्थेचाच प्रवेश बंद करतो.

लेख योजनेबाहेरचा निघाला तरी मार्ग खुंटत नाही. गूगल स्कॉलरमध्ये त्याच लेखाच्या इतर आवृत्त्या पाहाव्यात. लेखकाने संस्थेच्या साठ्यात ठेवलेली प्रत पुष्कळदा तिथे मिळते. ग्रंथालय डेलनेट या ग्रंथालयांच्या देवाणघेवाणीच्या जाळ्याचे सदस्य असेल तर लेख मागवता येतो. लेखकाला सभ्य ईमेल पाठवला तरी चालतो.

हे शिकवायला जागाच नाही असेही नाही. पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाने संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम 2019 मध्ये आणला. त्याच्या 30 तासांपैकी 7 तास डेटाबेस आणि संशोधन मापकांसाठी आहेत. त्यातला वेळ इम्पॅक्ट फॅक्टर आणि एच-इंडेक्सच्या व्याख्या पाठ करण्यात घालवू नये. एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांच्या वाट्याला तर तेवढेही येत नाही. पहिल्या सत्रातच, प्रबंधिकेचा विषय ठरायच्या आधी, संगणक प्रयोगशाळेत दोन तासांचे प्रत्यक्ष सत्र ठेवावे. सभागृहात दोनशे मुलांसमोर दाखवलेल्या स्लाइड उपयोगाच्या नाहीत. आणि ग्रंथालयाने दारावर व संकेतस्थळावर एक सूचना लावावी: घरून प्रवेश कसा घ्यायचा, यादीत आपल्या संस्थेचे नाव नेमके कोणत्या स्पेलिंगने आहे आणि पासवर्ड कोणाकडे मिळेल.

आपला,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल, अमरावती