कोणते समांतर विश्व, आणि कशावरून?

संपादक महोदय,

'समांतर विश्वाचा पुरावा सापडला' अशा बातम्या अधूनमधून झळकतात. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने १०५ क्यूबिटची (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे एकक) 'विलो' ही क्वांटम संगणकाची चिप जाहीर केली तेव्हाही तेच झाले. क्वांटम गणना अनेक समांतर विश्वांत होते या कल्पनेला चिपच्या वेगामुळे बळ मिळते, असे गूगलच्या निवेदनात म्हटले होते. मथळ्यांनी त्याचा पुरावा करून टाकला. पण चिपने दिलेले उत्तर क्वांटम समीकरणांतून निघते तेच होते आणि ती समीकरणे समांतर विश्वे मानणाऱ्यांना व न मानणाऱ्यांना सारखीच मान्य आहेत. मग चिपच्या वेगावरून कोण बरोबर हे कसे ठरणार? बातमी देताना कोणत्या प्रकारचे समांतर विश्व आणि कोणत्या मोजमापाने ते खोटे ठरू शकते, एवढे तरी यावे, ही विनंती.

क्वांटम समांतर विश्वांची मूळ कल्पना भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांची, १९५७ सालची. इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन फटींतून जाण्याच्या अवस्थेत असतो आणि मोजमाप केले की एकच शक्यता उरते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. क्वांटम अवस्था काळानुसार कशी बदलते हे सांगणाऱ्या श्रोडिंगरच्या समीकरणात मात्र 'एकच उरण्याची' ही पायरी कुठेच नाही. एव्हरेट यांनी ती गाळली. मग मोजणारे उपकरण आणि ते पाहणारा माणूसही त्या दुहेरी अवस्थेत ओढला जातो : एका शाखेत डावी फट दिसते, दुसरीत उजवी. म्हणजे ही विश्वे कुणी वरून जोडलेली नाहीत, एक गृहीतक वगळल्यावर ती आपोआप येतात. या मताचे खरे बळ इथे आहे. दुबळी बाजू संभाव्यतेची. सगळेच घडते, तर एका शक्यतेला ९० टक्के आणि दुसरीला १० टक्के म्हणायचे ते कशाच्या आधारावर, यावर अजून एकमत नाही.

शाखा एकमेकींना का दिसत नाहीत, ते प्रयोगातून कळते. व्हिएन्नात ७० कार्बन अणूंच्या रेणूंचे व्यतिकरणाचे पट्टे, म्हणजे रेणू एकाच वेळी अनेक वाटांनी गेल्याची खूण, मिळवले गेले. तेच रेणू लेसरने तापवले, तर पट्टे फिके होत गेले. तापलेला रेणू प्रकाशकण बाहेर टाकतो आणि रेणू कुठून गेला याची माहिती त्या कणांसोबत निसटते. निर्वात पात्रात हवा जास्त राहिली तरी तेच. टेबलाएवढ्या वस्तूवर तर हवेचे आणि प्रकाशाचे कण अखंड आदळत असतात. तिथे फुटलेल्या शाखा व्यवहारात पुन्हा जुळत नाहीत. एकीतून दुसरीत जायची वाटही हा सिद्धांत देत नाही.

तरीही तो तपासता येतो. गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांच्या १९८६ च्या पर्यायी सिद्धांतानुसार वस्तू पुरेशी मोठी असेल तर बाहेरून काही न आदळताही दुहेरी अवस्था मोडते. असे दिसले, तर एव्हरेट यांचे मत बाद. २०१९ मध्ये व्हिएन्नातच सुमारे २,००० अणूंच्या, २५,००० डाल्टनहून (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचे वस्तुमान) जड रेणूंनीही पट्टे दाखवले, म्हणजे एवढ्या आकारापर्यंत तरी दुहेरी अवस्था टिकली. पहिल्या पानावर यायला हवेत ते असे प्रयोग.

विश्वरचनाशास्त्रातली समांतर विश्वे निराळी. विश्वाच्या आरंभीचे वेगवान प्रसरण, म्हणजे फुगवटा, काही भागांत थांबून इतरत्र चालूच राहिला असेल, तर वेगवेगळे बुडबुडे बनतील आणि त्यांपैकी एक आपले विश्व. शेजारचा बुडबुडा आपल्यावर आदळला असेल, तर सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीवर, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळातून आजही सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणावर, गोल ठसा उरायला हवा. २०११ मध्ये हे प्रारण मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या सात वर्षांच्या नोंदींत तो शोधला गेला. संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा एकही ठसा मिळाला नाही.

– भौतिकशास्त्राचा एक अभ्यासक