अण्णांना चालत घरी आणायचंय

नाशिक, 9 जानेवारी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तू रात्रीच्या गाडीने पोचशील तेव्हा मी झोपलेली असेन आणि सकाळी सातला तुला दवाखान्यात अण्णांजवळ बसायचंय, म्हणून लिहून ठेवते. न्यूमोनियाचं डॉक्टर बघताहेत, तापही उतरलाय. आपलं काम वेगळं. परवापरवापर्यंत अण्णा स्वतः आंघोळ करत होते, जिना चढत होते, रामकुंडापर्यंत जाऊन येत होते. घरी येताना हे सगळं शाबूत हवं. सत्तरीपुढच्या साधारण तिघांतला एक जण दवाखान्यातून बाहेर पडताना यातलं काही ना काही गमावून बसतो, आणि त्यात आजाराइतकाच खाटेचा हात असतो. 2007 सालच्या एका प्रयोगात सदुसष्टीच्या आसपासच्या निरोगी माणसांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तर सरासरी जवळजवळ किलोभर स्नायू नुसत्या पायांतून गेला. अण्णा तर अठ्ठ्याहत्तरचे आणि आजारी. तेव्हा "पडू दे रे त्यांना" म्हणणाऱ्या आत्याला हो म्हण आणि अण्णांना खुर्चीत बसव.

उठवण्याची रीत नीट वाच, घोळ इथेच होतो. राउंडला डॉक्टरांना विचारून घे की किती चालवायचं आणि ऑक्सिजन कितीच्या खाली गेला तर थांबायचं. सलाईन संपलं असेल तर सिस्टरना इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घातलेली नळी) लॉक करायला सांग, चालू असेल तर स्टँड सोबत ढकल. खाट इतकी खाली घे की कडेला बसल्यावर दोन्ही तळवे फरशीला पूर्ण टेकतील. तो लोखंडी पायरीचा स्टूल बाजूला सरकव, त्यावरून म्हातारी माणसं घसरतात. अण्णांना कुशीवर वळू दे, पाय खाली सोडू दे, कोपराने रेटून बसू दे. तू हात धरून ओढू नकोस, खांदा दुखावतो. बसल्यावर दोनतीन मिनिटं थांब, पावलं दहापंधरा वेळा वरखाली करायला लाव. इतके दिवस आडवं राहिल्यावर उभं राहताच बीपी खाली येतं. वरचा आकडा 20 ने उतरला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर परत बसव आणि सिस्टरना सांग. चालताना बाजूला, किंचित मागे राहा आणि एक हात कमरेशी ठेव. लुंगी नको, पायात अडकते. पिशवीत घोट्याच्या वर येणारा पायजमा आहे. थंडी आहे म्हणून नुसते पायमोजे घालून चालवू नकोस, फरशी गुळगुळीत आहे. मागे पट्टा असलेल्या सँडल खाटेखाली आहेत.

आज खिडकीपर्यंत, उद्या दारापर्यंत, मग कॉरिडॉर, दिवसातून तीनदा. तिन्ही वेळचं खाणं खुर्चीत. खुर्चीतून उठणं-बसणं एका दमात पाच वेळा, तेही तीनदा. बोलताना वाक्य तोडावं लागेल इतका दम लागला तर थांबायचं. घास भरवू नकोस, दाढी करून देऊ नकोस. अर्धा तास लागला तरी लागू दे. हेच सगळ्यांना अवघड जातं, कारण आपल्याकडे सेवा म्हणजे हातातलं काम काढून घेणं.

लघवीची नळी अजून आहे. रोज राउंडला विचार, "आज काढता येईल का?" ती राहिली की जंतुसंसर्गाची भीती, शिवाय माणूस खाटेला बांधल्यासारखाच. काढल्यावर दर दोनतीन तासांनी स्वतः बाथरूमला ने. आया डायपर लावू म्हणतील, नको म्हण. लघवी कळते त्यांना.

डब्याचं बोलायचं तर पाहुणे साबुदाण्याची खीर आणि भाताची पेज आणतात. पोट भरतं, स्नायूला काही मिळत नाही. अण्णांचं वजन 60 किलो, म्हणजे दिवसाला 70 ते 90 ग्रॅम प्रथिनं हवीत. किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत, नाहीतर आधी डॉक्टरांना विचारावं लागलं असतं. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढंच. म्हणजे बेरीज सोपी नाही. मी दोन अंडी, घट्ट वरण आणि पनीर पाठवते आहे. खाल्ल्यावर अर्धा तास बसूनच राहू देत, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन छाती पुन्हा भरते.

आता गोंधळाबद्दल. अचानक असंबद्ध बोलायला लागले, रात्र दिवस उलटे झाले, तर ते "वयामुळे" म्हणून सोडू नकोस. एकदम गप्प, गुंगीत असले तरी तेच समज. हा प्रकार जास्त निसटतो. त्याच तासाला डॉक्टरांना सांग आणि शौचाला कधी झालं, पाणी किती गेलं, लघवी अडली का, नवीन गोळी कुठली सुरू झाली, हेही सांग. झोपेची गोळी किंवा सर्दीचं गुंगी आणणारं औषध आपल्या मनाने अजिबात नको. चष्मा आणि कानाचं मशीन सकाळी उठल्याबरोबर लाव. न दिसणारा, न ऐकू येणारा माणूस लवकर भरकटतो. पडदा उघड, "देशदूत" त्यांच्याच हातात दे, तारीख त्यांना वाचू दे. रात्री दिवा मंद, मोबाईल बंद.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी फिजिओथेरपिस्टला सांगून जिना चढवून बघायचा. आपल्या पायऱ्या चौदा आहेत, कठडा एकाच बाजूला.

कवळी निळ्या झाकणाच्या डबीत, पाण्यात. टिश्यूत गुंडाळून ताटात ठेवू देऊ नकोस, ताटाबरोबर कचऱ्यात जाते.

आई