माळावर जेसीबी नेण्याआधी

रेडिंग, इंग्लंड
७ मे

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

द्राक्षबागेची खरड छाटणी उरकल्याचं भाऊनं फोनवर सांगितलं. जाता जाता हेही सांगितलं की वरचा माळ सपाट करून तुम्ही द्राक्षं लावणार आहात आणि जेसीबीवाल्याला इसारही दिलाय. फोनवर बोलले असते तर तुम्ही दोन मिनिटांत "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून आईकडे फोन दिला असता. म्हणून पत्र.

गेल्या आठवड्यात आम्हाला रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात नेलं होतं. तिथल्या ब्रॉडबाल्क नावाच्या रानात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. एका पट्ट्याला दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत, दुसऱ्याला काहीच नाही. शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन, दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. हे सांगायला इंग्लंड कशाला, आजोबाही तेच सांगायचे, हे कबूल. पण त्याच रानाचा एक कोपरा १८८२ मध्ये न कापता सोडून दिला. तिथं आता झाडी आहे, आणि मातीतला कर्ब आणि नत्र शंभर वर्षं वाढत गेले. जवळच हायफील्डला उलटं केलंय. जुनं कुरण मोडून १९५९ पासून जमीन उघडी ठेवलीय, गवताची काडी उगवू देत नाहीत. तिथला कर्ब निम्म्याहून कमी झालाय. आणि तिथं ना आपल्यासारखा उतार, ना दिंडोरीसारखा कोसळणारा पाऊस!

गवताच्या मुळ्यांनी बांधलेल्या बारीक ढेकळांत कर्ब दडून असतो. नांगरानं ती फुटली की जिवाणू तो खातात आणि तो वायू होऊन हवेत जातो. त्याच वेळी नत्रही मोकळं होतं, म्हणून नव्या मोडलेल्या रानात पहिली दोन-तीन वर्षं पीक तरारतं. माणूस फसतो तो इथंच.

आपल्याकडे त्यावर धूप. मधल्या बागेतल्या वरच्या चार ओळी आठवा. दरवर्षी पिवळ्या पडतात, तुम्ही युरिया टाकता. खालच्या दोन ओळींत मात्र शेंडा थांबता थांबत नाही आणि डावणी रोग पहिला तिथंच येतो. पाणी आधी हलकं ते नेतं, म्हणजे चिकण कण आणि कुजलेला पाला. मुरूम वर राहतो. मातीत साधारण दहा-बारा किलो कर्बामागं एक किलो नत्र असतं, त्यामुळे एक गेलं की दुसरंही जातं. मी हिशेब मांडला. एकरातून इंचभर माती गेली तर सुमारे १३० टन. कर्ब ०.६ टक्के धरला तर जवळजवळ ८०० किलो कर्ब आणि ७० किलोंवर नत्र. म्हणजे युरियाच्या साडेतीन गोण्या. युरिया दुकानात मिळेल, कर्ब मिळत नाही, आणि कर्ब नसेल तर पाण्याबरोबर तो युरियाही विहिरीत उतरतो.

वाहून गेलेला सगळाच कर्ब हवेत जातो असं नाही. काही गाळात गाडून राहतो. गोदावरीवरच्या नांदूरमध्यमेश्वर धरणात गाळ साचून पाणथळ झालं, पक्षी आले, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव लागलं. पक्ष्यांचं भलं झालं, पण ती माती कुणाच्या तरी रानातली.

माळावर जेसीबी फिरला तर पावसाची वाटही बघावी लागणार नाही. वरची वीतभर काळसर माती खालच्या भरावात गाडली जाईल आणि वेली लावायच्या त्या मुरमात.

एवढं करा. माळावर कुसळी गवत आहे तिथं एक, मधल्या बागेच्या वरच्या टोकाला एक आणि ओढ्यालगत एक, असे गुडघाभर तीन खड्डे घ्या. भाऊला फोटो पाठवायला सांगा. मातीचे नमुने मागवले असते, पण इथं परदेशी माती आणायला परवाना लागतो. गावातच तपासून घ्या, फक्त तिन्ही पिशव्यांवर नावं वेगळी लिहा. मागच्या वेळी सगळं एकत्र कालवून दिलं होतंत.

आईला नमस्कार. तिनं दिलेल्या नागलीच्या पापडांचे शेवटचे चार उरलेत.

इसार परत मिळत नसेल तर त्याच जेसीबीनं बंधाऱ्यातला गाळ काढून घ्या आणि त्या चार ओळींत पसरा. तो आपलाच आहे.

आपली,
मनू