वृद्धाश्रमातले आजारपण ‘वयोमानाने’ म्हणून सोडू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या जानेवारीत माझ्या आईने तीन दिवस जेवणाचे ताट तसेच परत पाठवले. ती ८४ वर्षांची आहे, गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात राहते. ताप नव्हता, खोकलाही नव्हता. आश्रमातून फोनवर सांगितले, “वयोमानाने होतं असं.” तिच्याच खोलीतल्या एका आजींना आठवडाभर कणकण होती आणि त्यांना तापाच्या गोळ्या चालू होत्या. बाराव्या दिवशी खोलीतल्या आठपैकी सहा जणी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा कुठे पहिला स्वॅब घेतला गेला. इन्फ्लुएन्झा (फ्लू) निघाला. आई वाचली, पण तिचे चालणे सुटले. त्या आजी गेल्या.

मी ३१ वर्षे सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला की ताप चढतोच असे नाही, हे मला ठाऊक होते. कधी नुसती अन्नावरची वासना जाते, कधी माणूस गुंगीत राहतो, कधी अचानक असंबद्ध बोलू लागतो. ठाऊक असूनही मी फोनवरच्या त्या एका वाक्यावर विसंबले. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

करोनाने हा धडा साऱ्या जगाला दिला होता. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कर्कलंड इथल्या नर्सिंग होममध्ये साथ शिरली. (तिकडे नर्सिंग होम म्हणजे आपल्यासारखे छोटे खासगी रुग्णालय नव्हे, तर वृद्धांची कायमची शुश्रूषा होते ती जागा.) १८ मार्चपर्यंत त्या एका ठिकाणाशी जोडलेले १६७ रुग्ण सापडले होते: १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि भेटायला आलेले १६ जण. लक्षणे असतानाही काही कर्मचारी कामावर येत होते, काही जण एकाहून अधिक ठिकाणी काम करत होते, हे चौकशीत दिसले. त्याच परगण्यातल्या दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये मग लक्षणे असोत वा नसोत, सगळ्यांचेच स्वॅब घेतले. ७६ रहिवाशांपैकी ४८ बाधित निघाले आणि त्यातल्या २७ जणांना त्या दिवशी काहीच होत नव्हते. फक्त खोकणाऱ्यांना तपासले असते, तर निम्म्याहून अधिक बाधित इतरांच्या शेजारी बसून जेवत राहिले असते. त्या २७ पैकी २४ जणांना पुढच्या काही दिवसांत लक्षणे दिसलीच.

इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये रुग्णालयांतल्या खाटा मोकळ्या करण्यासाठी वृद्धांना तपासणीविना केअर होममध्ये धाडले गेले. लक्षणे नसलेल्यांकडूनही संसर्ग पसरू शकतो हा धोका विचारात न घेता आखलेले ते धोरण बेकायदा होते, असा निकाल तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यात खडवलीजवळच्या एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जण बाधित निघाले होते. त्यातल्या बहुतेक वृद्धांचे लशीचे दोन्ही डोस झालेले होते.

करोना ओसरला आणि तपासणीही थांबली. इन्फ्लुएन्झा मात्र दर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात येतो. क्षयरोग तर बारमाही आहे. माझी मागणी फार मोठी नाही. तीन दिवसांच्या आत दोन रहिवासी आजारी पडले, तर त्याच दिवशी त्यांचे स्वॅब घ्यावेत, आणि एकाचाही अहवाल पॉझिटिव्ह आला तर त्या मजल्यावरच्या सगळ्यांची, देखभाल करणाऱ्या मावशींसकट, तपासणी व्हावी. रॅपिड तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये. लक्षणे असतील तर आरटीपीसीआर करावी. इन्फ्लुएन्झाचे निदान वेळेत झाले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने अजून आजारी न पडलेल्यांनाही ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध देता येते. आईच्या खोलीत ते बारा दिवस वाया गेले. दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्याच्या बेडक्याची क्षयरोगासाठी तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. तिथे खर्चाची सबबही उरत नाही.

खरी अडचण मावशींची आहे. त्या दिवसा एका आश्रमात आणि रात्री दुसरीकडे राबतात. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी कापली जाते. अशी बाई अंगातला ताप सांगेल कशाला? तपासणी पॉझिटिव्ह आली की घरी बसायचे आणि पगारही नाही, असे असेल तर ती स्वॅब टाळणारच, आणि मी तिला दोष देणार नाही. आजारपणाच्या दिवसांचा पगार आश्रमाने द्यावा. जिथे आश्रमाला झेपत नाही, तिथे समाजकल्याण खात्याने द्यावा. हे झाल्याशिवाय तपासणीचा कोणताही नियम कागदावरच राहील.

आईच्या आश्रमात आम्ही काही नातेवाइकांनी मिळून एक वही सुरू केली आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी ती टांगलेली असते. कोणाचे अंग गरम, कोण खोकते, हे त्यात रोज लिहायचे आणि कोणी ताट परत पाठवले तर तेही लिहायचे. गेल्या महिन्यात लागोपाठ दोन नावे आली, त्याच संध्याकाळी स्वॅब गेले. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी अशी वही प्रत्येक आश्रमात सक्तीची करावी आणि महिन्यातून एकदा स्वतः उघडून पाहावी.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा