अपिलातला ‘एखादा दिवस’

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

अपिलांचं वेळापत्रक कायद्यात घालायच्या मसुद्यावर तू काम करते आहेस, हे ऐकल्यापासून जे मनात घोळतंय ते लिहून टाकतो.

पक्षकाराची मुदत आपल्याकडे पक्की आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करायचं. चुकलं की विलंबमाफीचा अर्ज आणि उशिराचा हिशेब. आता न्यायालयाची मुदत बघ. मूळ दाव्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत द्यावा, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० मध्ये निदान लिहिलंय. अपिलाच्या आदेश ४१, नियम ३० मध्ये मात्र निकाल लगेच द्यावा किंवा पुढे एखाद्या दिवशी, एवढंच आहे.

हा ‘एखादा दिवस’ मी जवळून पाहिलाय. माझ्या एका पक्षकाराच्या जमिनीच्या अपिलात उच्च न्यायालयात युक्तिवाद संपले आणि निकाल राखून ठेवला गेला. म्हातारा माणूस, दर आठवड्याला फोन करून विचारायचा, “वकीलसाहेब, बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या यादीत, आलं का?” वर्ष उलटलं, न्यायमूर्ती निवृत्त झाले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकवावं लागलं. निकाल लागायच्या आधी त्याच्या वारसांची नावं लावायचा अर्ज मीच दिला.

२००१ च्या अनिल राय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वाट दाखवली होती. राखीव निकाल तीन महिन्यांत आला नाही तर पक्षकारानं अर्ज करावा, सहा महिने झाले तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्यावं म्हणून मुख्य न्यायमूर्तींना विनंती करावी. मला हे माहीत होतं, तरी मी अर्ज केला नाही. ज्यांच्या हातात आपला निकाल आहे त्यांची तक्रार करायला जीव धजावला नाही. त्याची खंत अजून आहे.

म्हणून माझं सांगणं असं की, मुदत संपली की फाइल आपोआप वर गेली पाहिजे. पक्षकाराला तोंड उघडावं लागता कामा नये. २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्यात अपील सहा महिन्यांत निकाली काढण्याचा ‘प्रयत्न करावा’ असं आहे. पण प्रयत्न फसला तर पुढे काय, ते नाही. मुदत उलटली म्हणून अपीलच फेटाळलं जाईल, असं कलम मात्र चुकूनही घालू नकोस. उशीर न्यायालयाचा आणि शिक्षा पक्षकाराला, असं होईल.

आणि घड्याळ फक्त निकालाला लावू नकोस. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड येणं, नोटीस बजावणं, पेपरबुक (अपिलाच्या कागदपत्रांचा संच) तयार होणं, यातच वर्षं जातात. प्रत्येक टप्प्याला तारीख हवी, आणि ती पाळायला पुरेसे न्यायाधीश आणि कारकूनही हवेत.

मसुदा झाला की पाठव. नोटीस बजावणीचं कलम मी आधी वाचेन.

तुझे,
बाबा