चेन्नईला निघताना: काय न्यायचं, काय इथंच सोडायचं

लातूर, १० एप्रिल

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

चेन्नईची बदली पक्की झाल्याचं कळालं. मेअखेर निघायचं म्हणतोस, म्हणजे दीड महिना हाताशी आहे. घर आवरायला तेवढा पुरतो, फक्त जुने फोटो अन् मायची पेटी यांच्यापासून सुरुवात करू नको. त्यात दिवसच्या दिवस जातात आणि ट्रकमधली वीतभर जागाही वाचत नाही. आधी मोठ्या वस्तूंचा निकाल लाव.

टेप घेऊन प्रत्येक मोठी वस्तू फुटात मोज. पार्ट लोडमध्ये, म्हणजे एकाच ट्रकमध्ये दुसऱ्यांच्या सामानाबरोबर आपलं पाठवताना, जागेचेच पैसे लागतात. साडेसहा फुटी लोखंडी कपाट ३ फूट रुंद, दीड फूट खोल असलं तर २९ घनफूट. ६ बाय ४ चा दीड फुटी दिवाण ३६. ठरलेल्या भाड्याला एकूण घनफुटांनी भागलं की एका घनफुटाला काय पडतं ते कळतं. दिवाण न्यायचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर इथंच विकून टाक. तिथल्या फ्लॅटचं दार, जिना, लिफ्ट यांची मापं आजच मागव. कपाट काही सुटं होत नाही.

पत्र्याचा कूलर अजिबात नेऊ नको. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी, म्हणून पॅडमधलं पाणी भराभर उडतं आणि वारा गार होतो. समुद्रकाठच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, नुसती खोली ओलसर होते. विकायचा तर आत्ताच. पहिला पाऊस पडला की त्याला कुणी विचारत नाही.

टिपाडांचं मात्र वेगळं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या काळापासून आपल्याकडं घरटी दोन-चार टिपाडं आहेतच. चेन्नईलाही २०१९ मध्ये जोलारपेट्टईहून रेल्वेनंच पाणी न्यावं लागलं होतं. म्हणून २०० लिटरचं एक झाकणाचं टिपाड ठेव. त्यात वाकळा-चादरी दाबून भरल्या की त्याची जागा वाया जात नाही आणि वाटेत पाऊस लागला तरी पांघरुणं भिजत नाहीत. बाकीची देऊन टाक.

इन्व्हर्टर ने, बॅटरी नको. १५० एएचची बॅटरी पन्नास किलोच्या आसपास भरते आणि आडवी झाली तर आम्ल सांडून शेजारचं सामान जाळते. आतल्या शिशाला भाव असतो, तेव्हा बॅटरीच्या दुकानातच दे. आम्ल मोरीत ओतू नको.

तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, हंडे घरीच वजन करून मग भांड्यांच्या दुकानात मोडीत घाल. बंबाची लोखंडी जाळी आधी काढून ठेव, नाहीतर तिच्या नावाखाली अंदाजानं जास्त वजन वजा होतं. कळशी, परात, लोखंडी तवा ठेव. तापून तयार झालेला तवा पुन्हा मिळत नाही.

शाळू चार महिन्यांपुरतीच घे. दोन दिवस कडक उन्हात वाळव, सावलीत पूर्ण गार होऊ दे, मगच हवाबंद डब्यात भर. दाणे गरम असताना झाकण लावलं की आतून घाम सुटतो आणि बुरशी धरते. येसर आणि काळा मसाला जवळच्या पिशवीत असू दे.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून घे, उभाच चढव आणि उतरवल्यावर काही तास लावू नको. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनला ट्रान्झिट बोल्ट (ड्रम जागेवर घट्ट धरणारे बोल्ट) लावल्याशिवाय हलवू नको, ड्रम आत आपटतो.

गॅसचं सिलिंडर ट्रकमध्ये घालायचं नाही. एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून डिपॉझिट परत घे आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे इथली जोडणी बंद केल्याचा कागद, घे. ते दाखवून तिथं चालू दरानं डिपॉझिट भरलं की जोडणी मिळते. शेगडी आपली. मोटरसायकल नेणार असशील तर आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी. विकणार असशील तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं का ते स्वतः बघ.

सातबारा, खरेदीखत, मुलांच्या टीसी, मार्कशीट हातातल्या बॅगेत. वहिनींना सांग, जुन्या लुगड्यांच्या वाकळा करायच्या असतील तर आत्ताच शिवायला द्याव्या लागतील.

कूलर आणि टिपाडांना आमच्या गल्लीत गिऱ्हाईक आहे. रविवारपर्यंत मापं आणि फोटो पाठव, म्हणजे मी बोलून ठेवतो.

तुझा,
बाळू