काकांची पत्रं लावताना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, नागपूरच्या काकांची पत्रं दिवाळीनंतरच काढा. पावसाळ्यात दादरच्या हवेत ओल ८० टक्क्यांच्या वर असते आणि ६५ च्या पुढे कागदाला बुरशी धरते. ऊन दाखवू नका, शाई उडते.

आधी टाचण्या आणि स्टेपलच्या पिना. ओढल्यात तर गंजाबरोबर कागदाचा तुकडा निघेल. खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, पिनेचे पाय सरळ करा, मग उचला. फाटलेल्या घडीला सेलोटेप नको. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको.

आई, रिकामी पाकिटं रद्दीत देऊ नकोस. तारीख नसलेल्या पत्राचा काळ त्यांच्यावरूनच कळतो: पुढचा शिक्का टाकल्याचा, मागे असला तर पोचल्याचा. शिक्का पुसट असेल तर पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, म्हणजे ‘४०००२८’ लिहिलेलं पत्र त्यानंतरचंच. नुसतं ‘मुंबई २८’ असेल तर बहुधा आधीचं. बहुधाच, कारण जुनी सवय लोक सहज सोडत नाहीत.

क्रमांक मागच्या कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. स्कॅन ३०० डीपीआयवर, आणि आंतरदेशीय पत्राची प्रत्येक दुमड घ्या. जागा संपल्यावर तिथे आडव्या लिहिलेल्या ओळींतच कधी कधी खरं भांडण असतं. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने, म्हणजे पत्रं आपोआप ओळीत लागतील. मूळ पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आम्लरहित कागदाचे लिफाफे, पुठ्ठ्याची पेटी, आणि ती बाहेरच्या भिंतीपासून लांब. कसर गोंदावर येते, तेव्हा चिकटवलेल्या कडा वर्षातून दोनदा तपासा.

पण हा अर्धाच पत्रव्यवहार. तुमची पत्रं काकांकडे आहेत. कथाकार जीए (जी. ए. कुलकर्णी) आणि सुनीता देशपांडे यांची पत्रं निरनिराळ्या पुस्तकांत असूनही शेजारी ठेवून वाचता येतात, ती दोन्हीकडे कागद जपले गेले म्हणून. काकांना फोन कराच. छापायचं मनात असेल तर लेखी परवानगीही आत्ताच घ्या: कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क त्यांचा, आणि त्यांच्या पश्चात प्रत्येक वारसाची सही मिळवत बसावं लागतं. इतर लेखकांबद्दल तुम्ही आणि काकांनी जे तिखट लिहिलंय ते खोडू नका, वेगळ्या लिफाफ्यात ठेवून वर तसं लिहा.

अदलाबदल स्कॅनचीच. मूळ पत्रं पुन्हा टपालात टाकू नका.

तुमची,
धाकटी